अष्टमीची वेळ अमावास्येला

अर्धे देव घासून झाले होते. अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि घंटा पाटावर लख्ख होऊन बसली होती. महादेवाची पिंड, नंदी आणि दोन समया अजून चिंचेच्या पाण्यात होत्या. सुरेखाबाईंनी पिंड हातात घेतली आणि तेवढ्यात ओट्यावरचा फोन दोनदा वाजला. त्यांनी एक बोट पदराला पुसलं आणि फोन उघडला.

सुनेनं, मोनिकानं फोटो पाठवला होता. कोकणातलं समुद्राकाठचं महादेवाचं देऊळ, त्याच्या मागच्या खडकात कोरलेल्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी हात जोडून उभ्या असलेल्या सुरेखाबाईंच्या सासूबाई, मनकर्णाबाई. सुरेखाबाई त्यांना आत्या म्हणायच्या. संभाजीनगरातल्या हर्सूलच्या भजनी मंडळाच्या बाराजणी काल रात्री गाडी करून सोमवती अमावास्येच्या दर्शनाला गेल्या होत्या. फोटोखाली मोनिकानं लिहिलं होतं, ‘आई, दर्शन छान झालं. आता प्रदक्षिणेला उतरतोय, तुम्ही सांगितलेल्या वेळेला. फोन गाडीत ठेवतोय, भिजायला नकोत.’

वेळ होती दहा एकतीस.

सुरेखाबाई ‘हर हर महादेव’ म्हणून फोन ठेवणारच होत्या. पण फोटोत सासूबाईंच्या पायांच्या खाली, पार खालच्या पायरीशी, काहीतरी पांढरं दिसत होतं. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. फेस होता तो. दोन वर्षांपूर्वी त्या स्वतः गेल्या होत्या तेव्हा त्याच पायरीवर बसून त्यांनी साडीचा ओचा खोचला होता. समोर नुसता काळा कोरडा खडक, मधेमधे वाटीएवढी डबकी आणि त्यात पळणारे बारके खेकडे. पाणी तर एवढं लांब होतं की त्याचा नीट आवाजही येत नव्हता.

“अहो, जरा इकडं बघा बरं,” त्या म्हणाल्या.

सोमनाथराव आतल्या खोलीत पलंगावर पडले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, तिच्यावर काळा चष्मा. त्यांना थेंब घालायला कुणीतरी हवं म्हणून तर सुरेखाबाई घरी राहिल्या होत्या.

“बघू कशानं? एका डोळ्याला पट्टी अन् दुसऱ्याला तसंबी काय दिसतंय?” ते म्हणाले.

“पाणी हाय पायरीशी.”

“समुद्र हाय त्यो. तिथं पाणी नसंल तर काय असंल?”

सुरेखाबाई हसल्या नाहीत.

आता या बाई कोण, हे सांगायला पाहिजे, कारण त्या दिवशी जे घडलं ते त्यांच्या नावावर घडलं. फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातला त्यांचा जन्म. शाळेत मास्तरांनी सगळ्या पोरींची लावली तशी त्यांचीही जन्मतारीख एक जून लावली. आईला विचारलं तर आई म्हणायची, “वसुबारसेच्या आदल्या दिवशी, पहाटं. उगवतीला कोयत्यासारखा चंद्र होता.” नववीत शिकणाऱ्या सुरेखानं तेवढ्यावरून शोधून काढलं की आपण रमा एकादशीच्या. तेव्हापासून तिथीचा नाद लागला तो लागलाच. लग्न होऊन शहरात आल्या, पण रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्र बघायचा नेम चुकला नाही. पौर्णिमेला दिवेलागणीला उगवतो, मग रोज पाऊण तास उशीर. चतुर्थीला नऊच्या सुमाराला, अष्टमीला मध्यरात्री. हा हिशेब त्यांच्या अंगात भिनलेला.

गल्लीतल्या बायकांना संकष्टीला चंद्रोदय त्याच सांगायच्या. “कॅलेंडरात मुंबईचा टाइम असतो. आपल्याकडं आठ-दहा मिनिटं आधी दिसतो, तेव्हा इत्मिनानानं ताट वाढून घ्या,” असं म्हणायच्या, आणि खरोखर चंद्र तेव्हाच वर यायचा. बापाची तिथी हरवलेली माणसं थेट सिल्लोडहून त्यांच्याकडं यायची. एकजण म्हणाला होता, “पोळा होऊन आठ-नऊ दिस झालते, ताई. पुढचं काय याद नाय.” सुरेखाबाईंनी विचारलं, “बाला पोचवून परत आलात तेव्हा चंद्र कुठं होता?” तो म्हणाला, “बुडायला आलता.” “अन् वेळ?” “मध्यरात्र उलटून जात होती.” “मग अष्टमीला गेले तुमचे वडील. लिहून ठेवा.” तो मोठा माणूस तिथंच रडला. पैसे-बिसे त्या कुणाकडून घेत नसत. पण ‘सुरेखानं सांगितलंय’ म्हटलं की गल्लीत पुढं कुणी बोलत नसे, आणि ते त्यांना मनातून आवडायचं, हे खरंच आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या याच देवळाला गेल्या होत्या. देवळाच्या मागं डोंगराचा कडा समुद्रात घुसलाय, त्याला खालून, खडकांवरून वळसा घालायचा, अशी तिथली प्रदक्षिणा. परत आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. यंदा मंडळाचं जायचं ठरलं तेव्हा ती नोंद बघून त्यांनी सगळ्यांना वेळ दिली: साडेदहा ते अकराच्या दरम्यान उतरा, समुद्र मागं असतो, पाय कोरडे राहतात.

जुनी कॅलेंडरं त्यांच्याकडं एकाच खिळ्याला एकावर एक टांगलेली असतात. सुरेखाबाईंनी चिंचेच्या हातानंच वरची दोन बाजूला केली आणि तो महिना काढला. सापडलं. ‘स. ११ समुद्र मागे. प्रदक्षिणा झाली. पाय कोरडे.’ आपलंच अक्षर. आणि त्याच चौकटीत, आपल्या अक्षराच्या डोक्यावर, छापलेलं: वद्य अष्टमी.

त्यांनी चालू महिन्याचं पान बघितलं. आजच्या चौकटीत काळा भरीव गोल.

त्या एकदम खाली बसल्या. समुद्राचं आणि चंद्राचं काहीतरी नातं असतं, पौर्णिमा-अमावास्येला समुद्र उधाणतो, हे कधीतरी कानावरून गेलं होतं. पण गेलं होतं ते गेलंच होतं. आपल्या मुलखात पाणी ठरल्या वेळेचं. नळाला आठवड्यातून एकदा येतं तेही वार ठरवून, पाटाचं पाणी पाळीनं, धरणाचा नाथसागर चढला तर वर्षातून एकदा. सकाळी अकराला समुद्र मागं होता म्हणजे तो रोज सकाळी अकराला मागंच असणार, असं त्यांनी धरून टाकलं होतं. सगळ्या जगाला तिथी सांगणाऱ्या बाईनं समुद्राला तिथी विचारली नव्हती.

दहा एकोणचाळीस झाले होते.

मोनिकाला फोन लावला. बराच वेळ वाजला आणि पुरुषाचा आवाज आला.

“हां मावशी, पुंजाराम बोलतोय. ड्रायव्हर. फोन सगळे गाडीतच हायत.”

“पुंजाराम, बायका कुठं हायत?”

“गेल्या की खाली. धा मिन्टं झाली.”

“पळ आधी! त्यांला माघारी बोलव. पाणी चढतंय.”

“नाय नाय मावशी, फिकीर नका करू. मोनिकाताई बी तेच म्हनत होती. पाटी हाय ना हितं, भरतीच्या येळेला जाऊ नये म्हनून. पन म्हाताऱ्या आजी म्हनल्या, आमच्या सुरेखानं येळ काढून दिलीय, ती पाटीवाल्याला काय माहीत.”

सुरेखाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“पुंजाराम, माझं चुकलंय. ऐकतोयस का? मी दिलेली वेळ चुकीची हाय. पळ बाबा.”

“व्हय? चुकीची?” त्याचा आवाज बदलला. “जातो, जातो.” गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि फोन तसाच सीटवर पडून राहिला असावा, कारण नुसती गाडीतली भजनाची टेप ऐकू येत राहिली.

पुंजाराम वैजापूरकडचा माणूस. समुद्र त्यानंही त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिला होता. तो पळून पळून कुठवर पळणार? तिथलं माणूस पाहिजे. देवळाचा नंबर नाही, गुरुजींचा नाही. सुरेखाबाई उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या.

“काय झालं, सांगशील का?” सोमनाथराव भिंत धरत धरत दाराशी आले होते.

“आत्या अन् मोनिका बुडतील माझ्यापायी.”

ते दाराची चौकट धरून म्हणाले, “तिथून काय आणलं होतंस मागच्या टायमाला? आंबट, लाल. त्याच्यावर पत्ता असंल.”

कोकमाचं आगळ! फळीवर मागच्या बाजूला तळाशी दोन बोटं उरलेली बाटली होती. देवळाच्या वाटेवर एका बाईच्या अंगणातून घेतलेली. लेबल चिकट झालं होतं, पण खाली नंबर होता, शेवटचा आकडा पुसट. तीन की आठ? तीन लावून बघितला, अस्तित्वात नाही म्हणाला. आठ लावला.

“हॅलो, कोण?”

“ताई, तुमच्याकडून दोन वर्षांमागं आगळ नेलं होतं मी. संभाजीनगरची. तुमचं घर देवळाजवळ ना?”

“हो, देवळाच्या खालीच. किती बाटल्या हव्यात?”

“बाटल्या नको. आमच्या बाराजणी प्रदक्षिणेला उतरल्यात. आत्ता.”

पलीकडची बाई जवळजवळ ओरडलीच.

“आत्ता? अगो बाई, आज आवस ना! सव्वाअकराला पुरी भरती! कोणी सांगितलं त्यांना जायला?”

“मी,” सुरेखाबाई म्हणाल्या.

“फोन ठेवू नका,” ती बाई म्हणाली.

मग जे काही होतं ते फोनच्या आतून ऐकू येत होतं. पावलं. कुणाला तरी हाक, “ए भाऊ, दोर घे, खाली माणसं आहेत!” कुत्र्याचं भुंकणं. धाप. मग हळूहळू, दुरून जवळ येत गेलेला एक आवाज. आधी वाटलं रस्त्यावरून ट्रक चाललाय. पण ट्रक जातो आणि आवाज संपतो, हा संपत नव्हता. येऊन आपटत होता, थांबत होता, पुन्हा आपटत होता. हर्सूलच्या त्या दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात, देव घासायच्या पाटाशेजारी उभं राहून सुरेखाबाई समुद्र ऐकत होत्या. सोमनाथरावांनी हात पुढं केला, तशी सुरेखाबाईंनी फोन मोठ्या आवाजावर लावला, आणि ते दोघंही तसेच ऐकत राहिले.

“दिसतायत,” बाई म्हणाली. “वळणावर आहेत. वर एक कपार आहे, तिथं चढल्यात. पुढची वाटही गेली, मागचीही गेली.”

“किती हायत? मोजा, ताई. बारा हायत का?”

“मोजते. सात... नऊ... हलतायत हो. अकरा.”

“बारा पाहिजेत.”

“थांबा.”

पाणी आपटलं. पुन्हा आपटलं. सुरेखाबाईंच्या डोळ्यांपुढं सासूबाईंचे गुडघे आले. संडासाची पायरी चढतानाही हाताला धरावं लागतं त्या बाईला. सत्तरी उलटलेली. देवळाला जायचं म्हणून महिनाभर गुडघ्यांना तिळाचं तेल चोळून घेतलं होतं.

“पिवळ्या लुगड्यातली म्हातारी दिसते का?”

“पिवळं लुगडं... नाही दिसत.”

सोमनाथरावांनी ओट्याची कड धरली. ती त्यांची आई होती.

“दिसली!” बाई ओरडली. “एक तरणी पोरगी तिला खालून ढकलून वर घेतेय. चढली. बारा. बारा झाल्या.”

सुरेखाबाईंना रडू आलं नाही. त्यांनी विचारलं, “कपार किती वर हाय? पाणी तिथवर जातं का?”

ती कोकणी बाई खोटं बोलली असती तर बरं झालं असतं असं त्यांना नंतर वाटलं. पण ती खोटं बोलली नाही. “मागच्या आवसेला नुसते शिंतोडे गेले होते,” ती म्हणाली. “पण आज वारा आहे. आमची माणसं वरून दोर सोडतायत. कोणीही खाली उतरायचं नाही, एवढं त्यांनी ऐकलं तर बरं. घाबरून कुणी उडी मारते, तेच वाईट. फोन आता ठेवते, बॅटरी नाही. मी करते.”

अकरा वाजून दोन मिनिटं. सव्वाअकरा म्हणाली होती ती. म्हणजे पाणी अजून तेरा मिनिटं चढणार.

तेरा मिनिटं बाईमाणसानं काय करावं? सुरेखाबाईंनी पिंड घासायला घेतली आणि हातच चालेना. देव अर्धे पाटावर, अर्धे पाण्यात, आणि तिकडं त्याच महादेवाच्या पायाशी आपली माणसं. त्यांनी पिंड स्वच्छ पाण्यानं धुतली, पुसली, देव्हाऱ्यात ठेवली आणि हात जोडले. नेहमीचे शब्द तोंडात आले नाहीत. एवढंच म्हणाल्या, “वेळ माझी चुकली, त्यांची नाय.”

तेवढ्यात फोन वाजला. त्या धावल्या. मुलाचा, गोकुळचा होता. वाळूजच्या कंपनीतून, चहाच्या सुट्टीत.

“आई, मोनिका फोन उचलत नाय. पोचल्या का बराबर?”

सुरेखाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. त्यांच्या काळ्या चष्म्यात काहीच दिसत नव्हतं.

“पोचल्या,” त्या म्हणाल्या. “दर्शन झालं. फोन गाडीत ठेवलेत.”

“आज्जीचे गुडघे?”

“बरे हायत. चढली ती.”

“बरं. संध्याकाळी करतो.” त्यानं ठेवला.

“सांगायचं होतंस,” सोमनाथराव म्हणाले.

“सांगून त्यो काय करणार होता? मशीनवर उभा हाय. बोट घालंल कुठंतरी.”

“ते बी खरं.” मग थोड्या वेळानं, “थेंबाची वेळ झाली का?”

झाली होती. अकराचे थेंब होते. त्यांनी हात धुतले, पट्टी सोडली, पापणी वर धरली. पहिला थेंब गालावर पडला. “रडतोय असं वाटंल कुणाला,” ते म्हणाले, आणि दुसरा थेंब बरोबर डोळ्यात पडला.

सव्वाअकरा झाले. फोन नाही. अकरा वीस. अकरा पंचवीस. सुरेखाबाईंनी दोनदा लावायला घेतला आणि दोनदा थांबल्या. तिच्याकडं बॅटरी नाही म्हणाली होती, ती संपवायला नको. साडेअकरा. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी त्या दचकल्या. अकरा चौतीसला फोन आला.

“वळलं,” बाई म्हणाली.

“काय वळलं?”

“पाणी वळलं, बाई. आता चढायचं नाही. सगळ्या आहेत. भिजल्यात कमरेपर्यंत, एकीचा पाय मुरगळलाय, पण बसून आहेत. दोर कमरेला बांधलेत सगळ्यांच्या. आता पाणी उतरायला दोन तास लागतील, मग आमची माणसं एकेकीला आणतील.”

सुरेखाबाई पाटाला लागूनच खाली बसल्या, घंटेशेजारी. फोनमधून नुसता समुद्र येत होता.

“ताई, तुम्हाला कसं कळलं सव्वाअकरा?” शेवटी त्यांनी विचारलं.

“कळायचं काय त्यात? तिथीची पाऊणपट करायची. आज पंधरावी. पंधरा पाऊण सव्वाअकरा. इकडं तिकडं पंधरा-वीस मिनिटं. तिथून सहा तासांनी ओहोटी. आमच्याकडं पोरांनाही येतं.”

“अन् अष्टमीला?”

“आठ पाऊण सहा. सहाला भरती, बाराला सगळं सुकं. तुम्ही त्या वेळी अष्टमीला आला असाल.”

“व्हय.”

पाऊण. सुरेखाबाईंनी तो आकडा पुन्हा मनाशी घेतला. चंद्र रोज पाऊण तास उशिरा येतो, हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. गच्चीवर उभं राहून त्यांनी तो पाऊण तास हजार वेळा मोजला होता. पाणीही तेवढाच उशीर करत त्याच्या मागं मागं जातं, एवढंच राहिलं होतं. अर्धी गोष्ट तोंडपाठ आणि उरलेली अर्धी शेकडो कोस लांब, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात.

दीड वाजून गेल्यावर मोनिकाच्या नंबरवरून फोन आला. आधी सगळा गलका. मग मनकर्णाबाई.

“सुरेखा? अगं, आम्ही हाओत जित्त्या. लुगडं पार खारट झालंय, लोणचं घालायला बरं.”

“आत्या...” सुरेखाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“रडू नगं. तू फोन केलास म्हणून ती माणसं आली. सगळ्या म्हणायल्यात, सुरेखाला तिथं बसून कळलं बघ. तिला देवानंच दाखवलं असणार. आल्यावर तुझी ओटी भरायचं ठरलंय.”

“आत्या, वेळ मीच...”

“बरं बरं. हे घे, मोनिकाशी बोल, मला चहा आलाय.”

मोनिकाचा आवाज थंडीनं कापत होता, पण शब्द सरळ होते.

“आई, तुम्ही बऱ्या हात ना?”

“मी बरी. तू?”

“बरी.” मग थांबून, “मी पाटी वाचली होती. खाली पाणी पण दिसत होतं मला. मी म्हटलं होतं सगळ्यांना. कुणी ऐकलं नाय. म्हणाल्या, तू शाळेत शिकलीस, पण तुझी सासू चंद्राकडं बघून सांगते.”

“तू खरं म्हणत होतीस.”

“हां,” मोनिका म्हणाली. रागानं नाही. “आता त्या तुमची ओटी भरायची म्हणतायत. मी काय बोलले नाय त्यांला. तुम्हीच काय ते बघा.”

फोन ठेवल्यावर सुरेखाबाईंनी उरलेले देव घासले. घाईनं नाही, पण रोजच्यासारखं गुणगुणतही नाही. नंदी, मग समया. सगळे देव्हाऱ्यात मांडले, दिवा लावला. मग जुन्या कॅलेंडरातल्या त्या चौकटीपुढं उभ्या राहिल्या. खोडायला पेन घेतलं होतं, पण खोडलं नाही. नुसतं समोर लिहिलं, ‘फक्त अष्टमीला.’ आणि खाली, ‘तिथीची पाऊणपट = भरती. विचारून घेतलं.’

“कुणाला सांगणार?” सोमनाथरावांनी पलंगावरून विचारलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “मोनिका तोंड उघडायची नाय. आईला तर तू देवीच वाटायलीस आता. गप राहिलीस तर कुणाच्या बापाला कळणार नाय.”

“तुम्ही काय करा म्हणता?”

“मी कशाला म्हणू? मला आज काहीच दिसत नाय.” मग तेच म्हणाले, “त्या शहागंजातल्या बांगडीवाल्या आशाबाईनं परवा फोटो काढून नेला ना ह्या चौकटीचा? त्या कवा जाणार हायत?”

सुरेखाबाई जागच्या जागी थांबल्या. ते त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आशाबाई आणि तिच्या गल्लीच्या बायका, वीसेक तरी. पौर्णिमेला जायचं म्हणत होत्या. चांदण्यातला समुद्र बघायचा होता त्यांना.

पौर्णिमा. पंधरा पाऊण. पुन्हा सव्वाअकराच.

त्यांनी आशाबाईला फोन लावला. आशाबाईनं पहिल्यांदा त्यांनाच बोलू दिलं नाही. “अगं सुरेखाताई, कळलं मला! ग्रुपवर आलंय सगळं. चमत्कारच की! आता तर आम्ही तुझ्या वेळेलाच उतरणार, एक मिनिट इकडं तिकडं नाय. पाटीबिटी असू दे.”

“आशा, ती वेळ चूक हाय.”

“चूक कशी? तुझीच ना?”

“माझीच.”

“आवाज येत नाय नीट. गिऱ्हाईक हाय गं समोर, ठेवते. ओटीला मी पण येते.” आणि तिनं ठेवला.

पुन्हा लावला तर उचलला नाही. असल्या गोष्टी फोनवर पटत नाहीत. ग्रुपवर लिहिलं असतं तरी बायकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली असती आणि त्याच वेळेला उतरल्या असत्या. समोर उभं राहून, त्या बारा बायका कशामुळं अडकल्या हे आपल्या तोंडानं सांगितल्याशिवाय ती वेळ कुणी सोडणार नव्हतं.

सुरेखाबाईंनी साडी बदलली. जुन्या कॅलेंडरचं ते पान फाडून घडी करून पिशवीत टाकलं. तीनचे थेंब घालायला शेजारच्या दमयंतीवहिनींना सांगितलं, बाटली आणि कापूस त्यांच्या हातात दिला.

“कुठं एवढ्या घाईनं?” वहिनींनी विचारलं.

“शहागंजात. आशाबाईच्या दुकानी. पौर्णिमेला सकाळी समुद्रात उतरू नका, मी चुकीची वेळ दिली होती, हे सांगून येते.”

आणि त्या हर्सूलच्या नाक्यावर रिक्षा बघायला निघाल्या.